मिश्र पिकाखालील क्षेत्र

“काका, जरा मागं सरकता का?”

पीएच.डी.च्या तीन खरिपांत हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा ‘परावर्तन’ हा शब्दसुद्धा बोलले नसेन. पाठीवरच्या सॅकमध्ये स्पेक्ट्रोरेडिओमीटर, हातात पिस्तुलासारखी मूठ, तिच्यातून निघून सॅकेत शिरलेली प्रकाशतंतूची केबल, शेजारी लॅपटॉपवर सावली धरून उभा असलेला एक ज्युनिअर आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. पिकावर जो सूर्यप्रकाश पडतो, त्यातला कुठल्या तरंगलांबीचा किती भाग परत येतो, एवढंच ते यंत्र मोजतं. पण त्याचे सोवळ्याचे नियम फार. मोजणाऱ्याने सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे सावली पाठीमागे पडते. कपडे गडद घालायचे, कारण अंगावरच्या पांढऱ्या कापडावरून उडालेला प्रकाशही यंत्र इमानेइतबारे नोंदवतं. म्हणून मी काळा कुर्ता घालून जायचे. आणि भोवती जमणारी मंडळी? पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. अख्ख्या मराठवाड्याचा पोशाख माझ्या प्रयोगाच्या विरोधात.

पहिल्या दिवशी मला हे लक्षातच आलं नाही. संध्याकाळी आलेख पाठवले, तर गाईडचा फोन. “तुमच्याकडचं सोयाबीन निळ्या रंगात एवढी उसळी कधीपासून मारायला लागलं?” हिरवं पान निळा आणि लाल प्रकाश जवळजवळ गिळून टाकतं; ५५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात, एक छोटासा उंचवटा येतो. मग ७०० ओलांडलं की आलेख भिंत चढल्यासारखा सरळ वर जातो. डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश निरोगी पान निम्म्याच्या आसपास परत फेकतं. माझ्या आलेखात ही भिंत होती, पण तिच्या पायथ्याशी निळ्यातही एक टेकाड उगवलं होतं. ते टेकाड म्हणजे काकांचं धोतर.

हे काका म्हणजे त्या रानाचे मालक. परभणी जिल्ह्यातलं दुधना नदीच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, कारण गावाला विचारलेलं नाही. यंत्राबरोबर एक पांढरीशुभ्र चकती असते, टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची. दर काही मिनिटांनी आधी तिच्यावरचं मोजमाप घ्यायचं आणि मग पिकाचं, त्या दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे परावर्तन. चकतीला बोट लावायचं नाही हा पहिला धडा. काकांनी ती अंगठ्याने दाबून पाहिली. “कशाची हाय? खोबऱ्याची?” त्या अंगठ्याचा ठसा तुरीच्या तीन आलेखांत उमटला असणार असं मला अजूनही वाटतं. चकतीची किंमत मी त्यांना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांना पुन्हा जवळ यायला संकोच वाटला असता, आणि मला तर पुढची तीन वर्षं तिथंच काढायची होती.

मी शेतकऱ्याच्या घरातली नाही. पदार्थविज्ञानात एम.एस्सी., विषय स्पेक्ट्रोस्कोपी. प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग यांच्यावर प्रेम. सुदूर संवेदन हे त्याच विद्येचं उघड्या रानातलं रूप आहे, असं गाईड म्हणाले आणि मी फसले. अंधाऱ्या खोलीत एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. रानात काही सांगून बदलत नाही. ढगाचा तुकडा येतो, वारा पानं उलटी करतो, काळी माती ओली असली की तिचं आधीच कमी असलेलं परावर्तन आणखी खाली जातं. १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तर हवेतली वाफच गिळून टाकते. तिथं आलेखात नुसतं गवत उगवल्यासारखं दिसतं. पहिल्या महिन्यात मी त्या गवताला यंत्राचा बिघाड समजून दुरुस्तीची चौकशी केली होती. ही गोष्ट प्रबंधात नाही.

काम असं होतं: जमिनीवर एकेका पिकाची प्रकाशातली ओळख पक्की करायची आणि ती घेऊन उपग्रहाच्या चित्रात तेच पीक हुडकायचं. चित्र रिसोर्ससॅटच्या लिस-३ या कॅमेऱ्याचं. हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त असे चार पट्टे, एका पिक्सेलची बाजू २३.५ मीटर, आणि त्याच जागेवर तो कॅमेरा परत यायला २४ दिवस. पंचांगासारखं ते वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरून उपग्रह जाणार, म्हणून आम्ही खालून त्याच वेळी यंत्र लावायचं. जुलै, ऑगस्टमध्ये वेळापत्रकाप्रमाणे उपग्रह यायचा आणि ढगांचे फोटो काढून निघून जायचा. पहिल्या खरिपात हैदराबादहून आलेल्या सीडीवर धड वापरण्याजोगं चित्र ऑक्टोबरच्या मध्याचं होतं. तोवर सोयाबीन कापून गंजीला लागलं होतं. ज्या पिकाचा अभ्यास करायचा, ते खळ्यात पडलेलं.

लोकांना वाटायचं आम्ही कॅनॉलची नाही तर रस्त्याची मोजणी करतोय. जमीन जाणार का, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, मग काही मिळणार का. तेही नाही म्हटल्यावर चहा यायचा.

काकांनी मात्र तिसरा प्रश्न विचारला. “वरून त्याला माझं रान किती दिसतं?” मी ओढ्याकाठच्या वाळूत चौकोन काढला. २३.५ गुणिले २३.५, म्हणजे साधारण ५५२ चौरस मीटर. गुंठा म्हणजे तेहतीस फुटांचा चौकोन, १०१ चौरस मीटर आणि वर थोडं. “साडेपाच गुंठे,” मी म्हटलं, “साडेपाच गुंठ्यांचा एक ठिपका. त्याच्या आत काय चाललंय ते त्याला वेगवेगळं दिसत नाही, सगळ्याची मिळून एक सरासरी दिसते.” काका हसले आणि म्हणाले, “चला, मोजा मग.”

वडिलार्जित अकरा एकर, चार भाऊ. वाटण्या करताना प्रत्येकाला ओढ्याचं पाणी मिळावं आणि प्रत्येकाला गाडरस्ताही मिळावा, म्हणून जमीन आडवी न कापता उभी कापली होती. एका टोकाला ओढा, एका टोकाला रस्ता, मध्ये लांबच लांब चार पट्टे. काकांनी आपला पट्टा रुंदीला पावलांनी मोजून दाखवला: एकोणीस पावलं. म्हणजे चौदा मीटरच्या आसपास. माझा साडेतेवीस मीटरचा ठिपका त्यांच्या रानात कुठंही ठेवला तरी एका नाहीतर दुसऱ्या भावाच्या रानात जाणारच होता. बरं, काकांच्या पट्ट्यात चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर, डावीकडच्या भावाची कपाशी, उजवीकडे बांधावर बाभळी. ते सगळं मिळून एक रंग.

बांधावर उभं राहून मी हिशेब केला. यंत्राचं टोक एक मीटर उंचीवर धरलं की खाली ४४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मोजलं जातं. लिस-३च्या एका पिक्सेलमध्ये अशी साडेतीन हजारांच्या वर वर्तुळं बसतात. मी दिवसभर राबून चाळीस-पन्नास वर्तुळं मोजत होते, त्यातही धोतरापासून लांबची तेवढीच जमेला धरत होते, आणि त्यांच्या भरवशावर आकाशातल्या ठिपक्याला ‘सोयाबीन’ असं नाव देणार होते. आमच्या विषयात त्याला ‘शुद्ध पिक्सेल’ लागतो. एकाच वस्तूने पूर्ण भरलेला ठिपका. कॅनडातल्या गव्हाच्या शेतात तसे हजारोंनी मिळत असतील. इथं तो शोधायला मला दोन दिवस मोटरसायकलवर फिरावं लागलं.

त्याच सुमाराला तालुक्याच्या गावी एका जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स हातात पडली. पिकांची आकडेवारी पडताळायची म्हणून मागितली होती. गाव नमुना बाराच्या रकान्यांवर मी आजवर कधी नजरही टाकली नव्हती. ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’. त्याच्याखाली ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’. पुढे ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’. मी ते तीन-चारदा वाचलं. शुद्ध पिक्सेलला मराठीत काय म्हणावं म्हणून महिनाभर अडले होते, आणि तलाठ्याच्या कागदावर ‘निर्भेळ’ हा शब्द कधीचा बसलेला होता. एवढंच नव्हे. मिश्र पिक्सेलच्या एकूण परावर्तनातून आत कशाकशाचा किती वाटा आहे हे समीकरणं मांडून सोडवायचं, ही त्या वर्षी मला नवीन आणि फार हुशारीची वाटणारी पद्धत. तिचा सगळा उद्देश एका रकान्याच्या डोक्यावर छापला होता: घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र. महसूल खात्याला गणित येत होतं असं मी म्हणत नाही. पण रानात मिसळ असते, आणि ती मिसळ म्हणूनच लिहावी लागते, हे तो नमुना आखणाऱ्याला ठाऊक होतं. मी मात्र अंधाऱ्या खोलीतून आले होते.

तो रकाना प्रत्यक्षात कसा भरला जायचा हा भाग वेगळा. काकांच्या सातबाऱ्यावर त्या साली निर्भेळ कापूस होता. कुणी, कुठं बसून लिहिला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी, २०१२ला, पाऊसच झाला नाही. दुष्काळात ढगांचा त्रास नसतो; चित्रं एकाहून एक स्वच्छ आली. ती बघताना मला मिळालेल्या आनंदाची आठवण आजही थोडी बोचते. त्या वर्षीचे आलेख सरळ, नीटनेटके, बहुतेक नुसत्या मातीचे.

आणि मग २०१३. चांगला पाऊस, सप्टेंबरच्या शेवटी नशिबाने एक निरभ्र चित्र. त्यावरून मी एनडीव्हीआय काढला. अवरक्तातून लाल वजा करायचा, दोन्हींच्या बेरजेने भागायचं. आकडा जितका एकच्या जवळ, तितकी हिरवाई दाट. गावाच्या पूर्वेला दोन एकरांचा एक चौकोनी तुकडा सगळ्या शिवारात झळकत होता. ऐसपैस चौकोन, मधले पिक्सेल अगदी निर्भेळ. मला हवा होता तसाच. प्रत्यक्ष जाऊन बघायला वेळ नव्हता, समितीपुढे सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. मागच्या नोंदीत तिथं सोयाबीन होतं. मी त्या तुकड्याला ‘सोयाबीन, उत्तम वाढ’ असं नाव दिलं आणि संगणकाला नमुना म्हणून शिकवला. नकाशा छान आला. समितीतल्या एकांनी त्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलंही, हा शेतकरी कोण, प्रगतिशील दिसतो.

दिवाळीच्या आधी पडताळणीला गेले. जीपीएसवर अंतर कमी कमी होत गेलं, शेवटची शंभर पावलं पायी, आणि पुढे छातीएवढं गाजरगवत. नुसतं गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं, दोन एकर. मालक दोन वर्षांपासून चाकणला कंपनीत कामाला. पेरणीला माणूस मिळाला नाही, बटईनं कुणी केलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी सगळ्या गावाचं सोयाबीन पिवळं पडून पानं गाळत होतं, तेव्हा हे रान तेवढं हिरवंगार राहिलं. पीक पक्व होतं म्हणून त्याचा आकडा पडलेला, आणि तणाला कुणी हात लावला नाही म्हणून त्याचा आकडा चढलेला. भौतिकशास्त्र बिनचूक होतं, मीच दिलेलं नाव खोटं होतं.

शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या मावशींनी माझं तोंड बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्या बाकीच्या बायांकडे वळून ओरडल्या, “आगं, विमानातून बघितलं तर म्हने औंदा गाजरगवताचं पीक लई भारी आलंय!” उपग्रहाला त्या विमानच म्हणायच्या. सगळं शेत हसलं, मीही हसले, पण गाडीत बसल्यावर पोटात खड्डा पडला. तो तुकडा नमुना म्हणून शिकवलेला असल्यामुळे संगणकाने तशा रंगाचं जिथं जिथं दिसेल तिथं सोयाबीन लिहिलं होतं. पडीक रानं, ओढ्याकाठचं गवत, सगळीकडे. आणि खरंखुरं पिवळं पडलेलं सोयाबीन बरंचसं ‘पडीक’मध्ये गेलेलं.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी वेगळाच विचार करत होते. पडताळणीच्या यादीतून तो एक बिंदू काढून टाकला, तर कुणाला कळणार होतं? अचूकतेचा आकडा प्रबंधात शोभेल असा राहिला असता. असे बिंदू गुपचूप गाळलेले प्रबंध नसतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही. मला त्या मोहातून माझ्या सचोटीने सोडवलं असंही नाही; मावशींच्या हसण्याने सोडवलं. अख्ख्या शिवाराला ठाऊक झालेली गोष्ट लपवायची कुणापासून? नमुने नव्याने घेतले, एका चित्राऐवजी जूनपासूनची मिळतील तेवढी चित्रं एकापुढे एक लावली, म्हणजे पेरलेलं रान आधी उघडं, मग हिरवं, मग पिवळं असं बदलताना पकडता येतं आणि तण त्या तालात चालत नाही. सहा महिने जास्त लागले. अचूकता उतरली. नकाशावर मात्र ‘मिश्र’ असा एक स्वतंत्र रंग आला, आणि तो सगळ्यात जास्त जागा व्यापून बसला. मौखिक परीक्षेला त्यावरच आक्षेप आला: एवढं मिश्र ठेवलंत तर वर्गीकरण कशाला केलंत? लिस-३च्या चारच पट्ट्यांवर यापेक्षा जास्त घटक विश्वासाने सुटत नाहीत, असं उत्तर मी दिलं. ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. पुरं उत्तर देताना मला एकोणीस पावलांची गोष्ट सांगावी लागली असती.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात सांगताना पिशारोटींचं नाव येतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते संस्थापक संचालक. १९७०च्या सुमाराला त्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळीच्या बागा टिपल्या, आणि रोगट झाडं चित्रात वेगळी उठून दिसली. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला त्यांचा आदर वाटतो आणि थोडा हेवाही. वरून बघितलं तर नारळ हे किती निर्भेळ झाड! प्रत्येकाची झावळ्यांची छत्री वेगळी मोजता येते.

आता मी शिकवते. मधल्या काळात सगळं पालटलं. २०१५ आणि २०१७ला युरोपचे दोन सेंटिनेल-२ उपग्रह गेले. दोघे मिळून दर पाच दिवसांनी येऊ लागले, चित्रं फुकट, आणि मुख्य पट्ट्यांमध्ये पिक्सेलची बाजू १० मीटर. हे वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा गुंठ्याने भागून पाहिलं. १०० चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याला सव्वा चौरस मीटर कमी. युरोपातल्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना आकाशातला ठिपका आमच्या मापाचा झाला. काकांच्या पट्ट्यात आता एक पिक्सेल बसू शकतो, जागेवर पडला तर. ओळीतली तूर आणि सोयाबीन मात्र त्याच्याही आत मिसळलेलीच. ढगांवर उपाय म्हणून रडार आहे. ते पावसाळ्यातही बघतं, पण त्याला रंग दिसत नाही, खडबडीतपणा आणि ओल दिसते. म्हणजे पुन्हा नवी भाषा शिका.

माझे विद्यार्थी माझ्यापेक्षा हुशार आहेत. एका दुपारी जिल्ह्याचा नकाशा काढून दाखवतात. खुर्चीतून उठायची गरज पडत नाही, आणि माझं भांडण तिथंच आहे. मी पीएच.डी. केली तेव्हा गाजरगवताला सोयाबीन म्हटल्याने कुणाचं चार आण्यांचंही नुकसान झालं नसतं. २०२३च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भात आणि गव्हाचं उत्पन्न ठरवताना उपग्रहावर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं जातं. पुढच्या वर्षी सोयाबीनही त्यात आलं. ज्या ठिपक्याला विद्यार्थी दुपारी नाव देतो, त्याचे आता पैसे होतात किंवा होत नाहीत. म्हणून दर वर्षी मी त्यांना गाडीत घालून त्या गावाला नेते. कुरकुर करतात. एकाने विचारलं, मॅडम, मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून विचारलं तर नाही का चालणार?

मागच्या वेळी गेलो तेव्हा काका बांधावरच होते, नातू मोबाइल घेऊन शेजारी. ई-पीक पाहणी चालली होती. २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच करायची झाली आहे. रानात उभं राहून फोटो काढायचा, फोनच जागा नोंदवतो. नातवाने मान वर न करता विचारलं, “आजोबा, निर्भेळ का मिश्र?”

“मिश्र लिही. मुख्य सोयाबीन. तूर दोन ओळी.”

“ओळी नाही विचारत, क्षेत्र विचारतंय.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी हिशेब सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी तो आधीच करून ठेवला होता. आकडा सांगितला, नातवाने भरला. मग फोटोसाठी मोबाइल पिकासमोर धरला. ना सॅक होती, ना चकती, माझ्या अंगात फिकट पिवळा कुर्ता. तरी काका धोतराचा सोगा सावरत आपणहून चार पावलं मागे सरकले.